खांबाला वाट द्या

वीज तारेतून येते, म्हणून तिला रस्ता लागत नाही असा शहरातल्या माणसाचा समज असतो. बटण दाबलं की दिवा लागतो, नाही लागला की तो फोन करतो, आणि फोन नाही लागला तर हातातल्या मोबाइलवर चार तिखट ओळी लिहून मोकळा होतो. तार खांबावर असते, खांब जमिनीत असतो आणि त्या जमिनीपर्यंत खांबाला कुणीतरी वाहून नेलेलं असतं, हे त्याच्या ध्यानात येण्याचं काही कारण नाही. कोकणातल्या वाडीवरच्या माणसाला मात्र ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. वाडीवर काहीही आपलं आपण येत नाही. गॅसचा सिलिंडर डोक्यावरून येतो, सिमेंटची गोण पाठीवरून येते, आजारी माणूस डोलीतून जातो, आणि मुंबईच्या मुलाने पाठवलेला फ्रिज चौघांच्या खांद्यावरून अशा थाटात येतो की समोरून येणारी म्हातारी आधी हात जोडते आणि मग कोण गेलं ते विचारते.

त्यात सिमेंटचा खांब हा मुळातच मानी. आठ-नऊ मीटर लांबी, वजन कित्येक क्विंटल, आणि पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा. एकदा उभा राहिला की वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाईल. पण आडवा असताना भलत्याच जागी धरून उचललात, तर तिथल्या तिथे तडकेल. त्याला दोन ठरावीक जागी दोर घालायचा, कुठली बाजू वर ठेवायची ते बघायचं, आणि शेवटी लांबीच्या एक षष्ठांश जमिनीत पुरायचा. एवढं सगळं केलं तरी तो वळत नाही. आणि आमची पाखाडी तर वळणाशिवाय कशाचीच बनलेली नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या टाकत ज्यांनी ती बांधली, त्यांनी एक माणूस, त्याच्या डोक्यावरचा भारा आणि फार तर समोरून येणारी म्हैस एवढ्यांचाच विचार केलेला होता.

हा सगळा तपशील मला कळण्याचं कारण म्हणजे निसर्ग चक्रीवादळ. ३ जून २०२० च्या दुपारी ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि रायगडबरोबर आमच्या दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. माड पडले, पोफळी पडल्या, कौलं उडाली, पत्रे शेजारच्या गावाला गेले. खांब तर दोन्ही जिल्ह्यांत हजारोंनी पडले. काही मुळासकट, काही कंबरेतून. राज्याच्या दुसऱ्या जिल्ह्यांतून वीज कर्मचाऱ्यांची पथकं आली. घाटावरच्या सपाट मुलखात खांब उभे करण्यात हात बसलेली ती माणसं. ती आमच्या वाडीच्या खाली डांबरी रस्त्यावर उतरली आणि बराच वेळ नुसती वर बघत राहिली.

"गाडी कुठपर्यंत जाते?" पथकाबरोबरच्या इंजिनियर साहेबांनी विचारलं.

"पार दारात जाते," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे माझे चुलते. वाडीत कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर त्यांनीच द्यायचं असा रिवाज आहे.

"कुठली गाडी?"

"पुतण्याच्या लग्नात जीप आली होती की."

"मग ती परतही गेली असेल."

"गेली तर. लग्नानंतर बारा-चौदा माणसांनी उचलून दिली."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

वाडीकडे यायच्या वाटा दोन. खालून यायचं तर आधी मळा, मग वहाळ, मग घाटी. वरून यायचं तर सड्यापर्यंत गाडीरस्ता आहे. सडा ओलांडायचा आणि कड्यासारखी उतरण उतरून वाडीत यायचं. मळ्यात चिखल, वहाळाला पाणी, घाटीला चढ. सड्यावर कातळ, गडगे आणि उतरणीवर भुसभुशीत माती. यातली कुठली वाट यंत्रांसाठी तयार करायची, यावर देवळात बैठक बसली आणि वाडीचे दोन तट पडले. ज्यांची शेतं खाली होती ते सगळे वरच्या वाटेच्या बाजूने, आणि ज्यांच्या काजू सड्याच्या अंगाला होत्या ते खालच्या वाटेच्या बाजूने. आपल्या जमिनीतून वाट जावी असं म्हणणारा अख्ख्या वाडीत एकच निघाला, आणि त्याची जमीन तिसऱ्याच दिशेला होती.

कायदा म्हणाल तर वीजवाल्यांच्या बाजूचा आहे. २००३ च्या वीज कायद्यातलं कलम १६४ सरकारला असं करू देतं, की १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार वीजवाहिनी टाकणाऱ्यांच्या हाती द्यावेत. म्हणजे इंग्रजांनी तारयंत्राचे खांब ज्या जोरावर रोवले, त्याच जोरावर विजेचे खांब रोवता येतात. मालकाला नुकसानभरपाई द्यायची, त्याच्या होकारावाचून अडायचं नाही. हे साहेबांना पाठ होतं. पण साहेब अनुभवी होते. कायद्याने खांब रोवता येतो, पण कायद्याने रोवायला गेलं तर वाडीत प्यायला पाणी मिळत नाही आणि रात्री कुणीतरी खड्डा बुजवून जातं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कलमं खिशात ठेवली आणि आमच्या काकीकडे चहा मागितला. तिथेच निम्मं काम झालं असं मी मानतो.

उरलेलं निम्मं सातबाऱ्यात अडकलं. कोकणातला सातबारा वाचणं हा स्वतंत्र विषय आहे. दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर इतकी नावं असतात, की सगळे एकदम येऊन उभे राहिले तर तुकड्यात मावणार नाहीत. पहिलं नाव पणजोबांचं, आणि ते अजून हयात असल्यासारखं. एरवी संमती घ्यायची तर एक हिस्सेदार परळला, एक नालासोपाऱ्याला, एक दुबईला, आणि चौथा कुठे आहे हे उरलेल्या तिघांना माहीत असूनही सांगायचं नाही. पण २०२० चा तो जून वेगळा होता. टाळेबंदीमुळे झाडून सगळे चाकरमानी गावाला आलेले. बांधावरच्या वादातले सगळे पक्षकार एकाच वेळी गावात असण्याचा असा योग मी तरी आधी पाहिला नव्हता. त्यातले नव्याने आलेले काही शाळेत विलगीकरणात होते. त्यांच्या संमतीचे कागद काठीच्या टोकाला चिमट्याने लावून खिडकीतून आत दिले गेले, आणि आतून सही होऊन आलेल्या कागदावर तात्यांनी आधी सॅनिटायझर शिंपडलं. सही पसरली. पसरलेली सही आपली नाही, असं त्या हिस्सेदाराने मागाहून खिडकीतूनच जाहीर केलं.

झाडांचा हिशेब तर विचारूच नका. वाटेत येणारी झाडं मोजायला सुरुवात झाली आणि आमच्या वाडीतल्या वनस्पतींची एका दिवसात जी प्रगती झाली, ती कुठल्या कृषी विद्यापीठालाही साधायची नाही. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे म्हणून हे जबाबदारीने सांगतो. जेसीबी दिसेपर्यंत जो आंबा रायवळ होता, तो जेसीबी दिसताच हापूस झाला. आटलेल्या काजूला फळ धरू लागलं. करवंदाच्या जाळीतून कुणाच्या तरी आजीचं औषध निघत असल्याचं उघड झालं. एका बांधावरचा ऐन तोडायचा म्हणताच त्याच्या बुंध्याशी शेंदूर दिसला, आणि शेंदूर ओला होता.

मोठ्या मनोऱ्यांच्या वाहिन्यांना हा हिशेब कागदावर तरी बांधून दिलेला आहे. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के मोबदला सुचवला होता. २०२४ मध्ये तो २०० टक्क्यांवर नेला. तारांखालच्या पट्ट्यासाठी आधी १५ टक्क्यांपर्यंत होता, तो ३० झाला. ही ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांची गोष्ट. पण वर्तमानपत्रात हे आकडे आले तसा तात्यांचा विजेकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. "आपल्या परसात एखादा मनोरा बसेल का?" असं ते अलीकडे येणाऱ्या-जाणाऱ्या वायरमनला विचारत असतात. वादळाच्या वेळी याच परसातून साधा खांब न्यायला त्यांनी तुळशीची शपथ घालून विरोध केला होता.

घारापुरीची गोष्ट इथे सांगायला हवी. मुंबईच्या दारात बेट, जगभरातून माणसं लेणी बघायला येणार, आणि बेटावरच्या राजबंदर, मोरबंदर, शेतबंदर या तीन गावांत वीज नाही. शेवटी समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे दिवे लागले. मला राहून राहून वाटतं, समुद्राला सातबारा नसतो, गडगा नसतो, समुद्राच्या पलीकडच्या कडेला चुलतभाऊ बसलेला नसतो, तरीही एवढी वर्षं लागली. मग आमच्या घाटीवर काही आठवड्यांत खांब चढले, हे वीजवाल्यांचं यश की आमची कर्तबगारी, याचा निवाडा कुणीतरी करायला हवा.

तर वरून की खालून, हा वाद मिटेना तेव्हा साहेबांनी दोन्हीकडून काम काढलं. खांब खालून, ट्रान्सफॉर्मर वरून.

खालच्या मळ्यात भाताची दाढ पेरून झालेली, मृग बरसलेला, आणि चिखल असा की उभा माणूस बोलता बोलता बुटका होत जाई. खांब लादलेला ट्रॅक्टर या चिखलातून वहाळापर्यंत न्यायचा होता. साहेब म्हणाले, दगडाचं सोलिंग करू. दगड आणायला गाडी हवी, गाडी यायला सोलिंग हवं. यावर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग बरोबरच्या एका जुन्या वायरमनने बागांकडे बोट दाखवलं. वादळाने माड आणि पोफळी आडव्या करून ठेवल्याच होत्या. तेच ओंडके शिडीच्या पायऱ्यांसारखे चिखलात आडवे टाकायचे, वर झावळ्या पसरायच्या आणि त्यावरून ट्रॅक्टर हाकायचा. कल्पना फक्कड होती. अडचण एवढीच की पडलेल्या झाडांचे पंचनामे व्हायचे होते. पंचनाम्याआधी ओंडका हलवला तर झाड पडलंच नाही असं ठरेल, अशी धास्ती. तोड अशी निघाली, की ओंडके न्यायचे, पण प्रत्येकावर खडूने मालकाचं नाव घालायचं. त्यामुळे तलाठी आले तेव्हा त्यांना कुणाच्या किती माडांची हानी झाली हे बागेत न जाता रस्त्यावरच वाचता आलं. पावसाने खडू धुतला नसता तर हिशेब चोखही निघाला असता.

वहाळात सिमेंटचे दोन नळे ठेवून वर माती लोटायची होती. त्यासाठी जेसीबी आणला. सात-साडेसात टनांचं हे धूड ज्या क्षणी मळ्यात उतरलं, त्या क्षणी वाडीतलं होतं नव्हतं ते माणूस बांधावर जमा झालं. २०१९ साली जेसीबीची खोदाई बघत उभ्या राहणाऱ्या लोकांची देशभर थट्टा झाली होती. माझ्या मते ती थट्टा करणाऱ्यांनी वीज नसलेल्या गावात टाळेबंदीत एक आठवडा काढून बघावा. टीव्ही बंद, मोबाइल मेलेले, पत्ते भिजलेले. अशा वेळी समोर पिवळा राक्षस चिखल उपसतोय आणि लोकांनी पाठ फिरवून बसावं म्हणता? तरुण मंडळींच्या तर दोन पाळ्या लागल्या होत्या. जेवायला गेलेला परत आला की मधली हकिगत दुसऱ्याने सांगायची.

जेसीबीचा चालक झारखंडचा, विशीतला. त्याला मराठीतलं 'थांब' समजत नव्हतं आणि आम्हाला त्याचं एकच वाक्य ऐकू येत होतं, "हो जाएगा." चिखल खोल आहे म्हटलं, हो जाएगा. पुढे विहीर आहे म्हटलं, हो जाएगा. वहाळाच्या काठाला पुढची चाकं रुतली, मागची उचलली गेली आणि यंत्र नमस्कार घातल्यासारखं ओणवं झालं, तेव्हा त्याने खाली उतरून एकदा बघितलं आणि पहिल्यांदाच वाक्य बदललं. "दूसरा जेसीबी बुलाओ." दुसरा आला. त्याने पहिल्याला काढलं आणि स्वतः तिथेच बसला. मग पहिल्याने त्याला काढलं. तो सगळा दिवस दोन्ही यंत्रं एकमेकांना वर काढत होती आणि बघणाऱ्यांत असं समाधान पसरलं होतं, की संध्याकाळी नळे बसले तेव्हा कित्येकांचा हिरमोड झाला.

वहाळानंतर घाटी. इथे यंत्रं संपली आणि माणसं सुरू झाली. पाखाडीच्या काटकोनी वळणात नऊ मीटरचा खांब बसत नाही, हे कुठल्याही शाळकरी मुलाने दोरा घेऊन सिद्ध केलं असतं; आमच्याकडे ते प्रत्यक्ष खांब घेऊन सिद्ध करण्यात आलं. पहिला खांब वळणावर अडकला. पुढच्या माणसांना डावीकडे जायचं होतं, मागच्यांना उजवीकडे, आणि मधल्या माणसांच्या पाठीशी कुणाच्या तरी न्हाणीघराची भिंत होती. आतून ओरडा झाला.

तेव्हा तो जुना वायरमन तात्यांशेजारी येऊन बसला. तंबाखू मळली, अर्धी तात्यांना दिली आणि विचारलं, "शिमग्याला पालखी कुठून वर नेता?"

या एका प्रश्नासाठी त्या माणसाला पदवी द्यायला हवी. पालखी पाखाडीने जातच नाही. ती वहाळाच्या वरच्या अंगाने, या बांधावरून त्या बांधावर, एकाच्या परसातून, दुसऱ्याच्या खळ्यातून, तिसऱ्याच्या ओटीसमोरून सरळ वर चढते. एरवी ज्या गडग्यावरून दोन पिढ्या कोर्टात आहेत, त्या गडग्याला पालखीपुरती खिंड सोडलेली असते. कुंपणाच्या ज्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, शेजाऱ्याच्या कोंबडीला यायची बंदी, तिथून देव नाचत येतो. गावातली बिनवादाची वाट ही एवढी एकच, सातबाऱ्यावर नसलेली आणि सगळ्यांना पाठ. शिवाय ती आखणाऱ्यांनी दोन लांब दांड्यांची वस्तू खांद्यावरून जाणार हे गृहीत धरलेलं. वळणं ऐसपैस, चढ बेताचा, दम घ्यायला ठरलेल्या जागा. साहेबांनी आणलेल्या मोजमाप यंत्रांनी आठवडाभर शोधूनही हा मार्ग सापडला नसता.

खांब पालखीच्या वाटेने जाणार म्हटल्यावर विरोध मावळला, पण मान उभा राहिला. पालखीला पहिला खांदा कुणाचा हे ठरलेलं आहे. मग खांबाला पहिला खांदा कुणाचा? मानकऱ्यांपैकी एकाला कंबरदुखी होती. खांदा देणं त्याला शक्य नव्हतं, आणि हक्क सोडणं त्याहून अशक्य. शेवटी त्याने खांबाला नुसता हात लावायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा, असं ठरलं. नारळ आला. गाऱ्हाणं घालायला अर्थात तात्या.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो खांब तुझ्या वाटेनं जातोय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येला तडा जाव नको, कुनाचा पाय घसरू नको..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि ज्यांनी अडवायचं कारस्थान केलं असेल, त्यांच्या घरची लाइट शेवटाक येव दे!"

इथे होकार जरा विस्कळीत आला. साहेबांनी मात्र मनापासून व्हय म्हटलं.

खांबाला दोन जागी दोर, दोराच्या आत वासे, प्रत्येक वाशाला दोन्ही टोकांना माणसं, आणि पुढे चालणारा मुकादम पुढचा दगड, मागची पायरी, डाव्या अंगाचा फणस हे सगळं ओरडून सांगणारा. मागच्या माणसाला खांबाशिवाय काही दिसत नसतं. त्याचे डोळे मुकादमाच्या गळ्यात असतात. गावची पोरं पथकातल्या माणसांच्या जोडीने वाशाखाली गेली. मुंबईत मॉलच्या सरकत्या जिन्यावर उभी राहणारी ही मुलं घाटीच्या मध्यावर अशी काही लाल झाली की काकीने प्रत्येकाला गूळ आणि कोकमाचं सरबत पाजलं. खांब एकामागून एक वर गेले. एक तडकला. तो न्हाणीघराच्या वळणावरचाच, आधीचा दुखावलेला होता; तो आता वहाळावर साकव म्हणून आडवा पडला आहे आणि तिथे त्याची कुणाला अडचण नाही.

हे सगळं चालू असताना मुंबईहून आलेल्या एका हुशार तरुणाने हेलिकॉप्टरचा मुद्दा काढला. तो अगदीच हवेतला नव्हता. काश्मीरकडे जाणाऱ्या वाहिनीसाठी पीर पंजालच्या डोंगरात मनोऱ्यांचं सामान खरोखरच अवजड हेलिकॉप्टरने टांगून नेलं होतं. पण वाडीने या प्रस्तावावर जी चर्चा केली ती मूळ मुद्द्यापासून फार लांब गेली. सड्यावर उतरायला जागा एकच सपाट, आणि तिथे पोरांचं क्रिकेटचं पीच. शिवाय उरलेली कौलं पंख्याच्या वाऱ्याने उडाली तर पंचनामा वादळाच्या खात्यात धरतील का, असं तात्यांनी विचारलं. तरुण पुन्हा मोबाइलला रेंज शोधायला निघून गेला.

आता ट्रान्सफॉर्मर. हा वरून यायचा होता. सडा ओलांडणं सोपं, कातळावरून रणगाडासुद्धा जाईल, अडवणूक गडग्यांची. रचीव दगडाचा गडगा फोडायला पाच मिनिटं लागतात आणि ज्याचा आहे त्याला समजवायला पाच तास. एका म्हाताऱ्याची अट होती, की गडगा जसा होता तसाच परत लागला पाहिजे, दगडाच्या जागी तोच दगड. पथकातल्या एका बिचाऱ्याने खरंच दगड ओळीने मांडून ठेवले. रात्री त्या खिंडीतून गुरं आत शिरली आणि सकाळी ओळ उरली नव्हती. मग म्हाताऱ्यानेच स्वतः बसून गडगा लावला, पहिल्यापेक्षा हातभर पुढे सरकवून. शेजाऱ्याच्या ते ध्यानात यायला दिवाळी उजाडली.

सड्याच्या कडेपासून वाडीपर्यंत जेसीबीने तिरकी उतरण खोदायला घेतली. जांभा हा फसवा दगड आहे. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली आपल्या मलबारच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय, की हा जमिनीत असताना हत्याराने सहज कापला जातो आणि हवेला उघडा पडला की विटेसारखा घट्ट होतो. लॅटराइट हे नाव त्यानेच दिलं. म्हणजे सड्याचा माथा कठीण, आणि त्याला टोकरून आत शिराल तसा तो मऊ. चालकाला वर "हो जाएगा" म्हणायला काहीच हरकत नव्हती. खाली उतरणीवर ओली माती साबणासारखी सुटू लागली, तेव्हा कडेने बांबूचे खुंट ठोकून, जांभ्याची कपची दाबून, ती उतरण कशीबशी उभी राहिली.

पण अवजड ओझं लादून तिच्यावरून गाडी सोडायची हिंमत कुणाचीच झाली नाही. ट्रान्सफॉर्मर हा खांबापेक्षाही नाजूक प्राणी. पोटात तेल, डोक्यावर चिनी मातीचे तुरे. त्याला आडवा करायचा नाही, आदळायचा नाही. त्याला लाकडी सांगाड्यावर बसवला, सांगाड्याखाली गोल ओंडके, आणि मागून चेन पुलीने धरून एकेक कडी सोडत खाली घ्यायचं ठरलं. चेन पुली अडकवायला भक्कम आधार हवा. उतरणीच्या माथ्यावर थोरला फणस होता. तो नेमका त्या दोन भावांच्या सामायिकातला, जे एकमेकांशी फक्त वकिलांमार्फत बोलतात. थोरला म्हणाला, माझ्या अर्ध्या भागाला बांधा. धाकटा म्हणाला, साखळी माझ्या बाजूने येता कामा नये. बुंध्याला साखळी एका बाजूने कशी बांधायची हे यंत्रशास्त्रात नाही. वायरमनने दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की साखळी बांधली की त्या वर्षी फणस जास्त लागतात. हे त्याने कुठे वाचलं होतं कोण जाणे. दोघेही साखळी आपल्याच बाजूने बांधण्याचा आग्रह धरू लागले, आणि बुंध्याभोवती साखळी पूर्ण फिरली.

संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर खाली टेकला. काही दिवसांनी वीज आली. कुणाच्या घरची शेवटी आली, हे मी लिहिणार नाही. तात्यांचं आणि माझं स्वयंपाकघर एकच आहे.

मळ्यातली ओंडक्यांची वाट लावणीच्या आधीच मालकांनी सरपणाला नेली. सड्याकडची उतरण मात्र राहिली. पथकाच्या कागदावर ती 'तात्पुरता पोहोच मार्ग' होती. वाडीने कायमस्वरूपी रस्त्यासाठी कैक निवडणुका वाट पाहिलेली. त्या मागणीचे अर्ज अजूनही कुठल्या तरी कपाटात असतील. आणि हे तात्पुरतं प्रकरण पुढच्या पावसातही टिकलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं तेव्हा त्या उतरणीवरून गाडी चक्क दारात आली. त्याच वर्षी पहिल्यांदा एका बाळंतिणीला डोलीशिवाय नेलं. मग मोटरसायकली आल्या, मग पाववाला आला, आणि पाववाल्याच्या मागोमाग वाद आला.

उतरणीच्या तोंडाशी ज्याची काजूची बाग आहे, तो खांबाच्या वेळी आडवा झोपायला निघाला होता. आपल्या बागेतून कधी मुंगीसुद्धा गेलेली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे उतरणीच्या खालच्या टोकाला दुसऱ्याने बेडं घातलं आणि या काजूवाल्याची नवीकोरी रिक्षा वरच अडकली. तो तडक तालुक्याला गेला. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ अडवलेला रस्ता मोकळा करायला आहे, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. एवढी घाई आमच्याकडे कुणी कशाची केलेली नाही. दाव्यात त्याने लिहिलं, सदर वाट ही पूर्वापार वहिवाटीची असून वाडवडिलांपासून गाडीबैल तिथूनच जात आलेले आहेत.

स्थळपाहणीला अधिकारी आले. साक्षीला तात्या. उतरणीच्या कडेला जेसीबीच्या दातांचे ओरखडे जांभ्यात कोरल्यासारखे स्वच्छ दिसत होते, आणि त्याच्या वर फणसावर साखळीचा वळ.

"ही वाट कधीपासूनची?" साहेबांनी विचारलं.

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि पूर्ण विचार करून सांगितलं, "पेशवाईतली असेल. त्याच्या आधीची असेल तर मला माहीत नाही."